मोदकांचे 630 रुपये आणि माझं गोठवलेलं खातं

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली.

महोदया,
सादर नमस्कार.

मी ठाण्यात, नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र चालवते. गेल्या संकष्टीला एका गिऱ्हाइकाने उकडीचे 21 मोदक नेले. एकाचे 30 याप्रमाणे 630 रुपये त्याने क्यूआर कोडवर भरले, काउंटरवरच्या यंत्राने रक्कम मोठ्याने सांगितली, मी डबा हातात दिला. पुढे काही दिवसांनी सिलिंडरवाल्याचे पैसे पाठवायला गेले तर व्यवहार होईना. बँकेत विचारलं तेव्हा कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून माझं चालू खातं गोठवलंय. कुठे तरी कुणाला तरी ऑनलाइन लुबाडलं, ते पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिले आणि त्यातले 630 रुपये मोदकांचे म्हणून माझ्याकडे आले.

630 रुपये अडकवले असते तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. सगळं खातं अडकलंय.

ज्याचे पैसे लुटले गेले त्याच्याशी माझं भांडण नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला की पुढच्या खात्यांमधला पैसा तातडीने रोखला जातो, ही सोय हवीच. उद्या माझ्यावर ती वेळ आली तर मीही त्याच नंबरवर फोन करेन. पण चोर आणि मोदक विकणारी बाई यांत फरक करायला त्या व्यवस्थेत कुणीच बसलेलं नसावं?

बँक म्हणते, पोलिसांची एनओसी आणा. मी तक्रारीचा नंबर मागून घेतला, त्या पोलीस ठाण्यात फोन लावले, बिलाचा आणि दुकानाच्या परवान्याचा फोटो ई-मेलने पाठवला. फोन लागला तर तपास अधिकारी बाहेर असतात. एकदा भेटले, तर म्हणाले, इकडे येऊन जबाब द्या. दीड दिवसाची रेल्वे आहे ती. दुकान कोण उघडणार? शाखेतल्या साहेबांनी वकील करायला सुचवलं. वकिलाने सांगितलेली फी 630 रुपयांच्या कितीतरी पट आहे. हे असं किती काळ चालणार, ते शाखेत कुणालाच सांगता येत नाही.

माझ्याकडे कळव्याहून आणि कोपरीहून बायका कामाला येतात. पहाटे निघतात, उभ्याने पोळ्या लाटतात. त्यांचा पगार द्यायला मी पाटल्या गहाण ठेवल्या. जांभळी नाक्यावरच्या व्यापाऱ्याने जुन्या ओळखीवर कणीक आणि तेल दिलं, पण त्याच्या नोकराने शेजारच्या दुकानात विचारलंच, "बाईंचं फ्रॉडमध्ये काय आलंय?" सासूबाईंनी उभं केलेलं हे केंद्र आहे. त्या गेल्या, पण त्यांच्या नावाने आजही गोखले रोडवरून लोक येतात. आमच्या दारात असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. आणि कणीक मळायच्या यंत्रासाठी घेतलेल्या मुद्रा कर्जाचा हप्ता चुकला म्हणून त्याच बँकेने दंड लावला. खातं तुम्हीच बंद करायचं आणि हप्ता आला नाही म्हणून दंडही तुम्हीच घ्यायचा! याला मी अन्याय म्हणते.

महोदया, या रस्त्यावर आम्ही आपणहून आलो नाही. सासूबाईंकडे उधारीची वही होती आणि गल्ल्यात रोकड. 8 नोव्हेंबर 2016 ला 500 आणि 1000 च्या नोटा गेल्या आणि सरकारने सांगितलं, डिजिटल व्हा. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, असं सांगून आमचा धीर वाढवला. आम्ही विश्वास ठेवला. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांतली मुलं आता सुटे पैसे बाळगतच नाहीत. कोड उतरवला तर ती दुसरीकडे जेवतील. ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात यूपीआयचे 2000 कोटींहून जास्त व्यवहार झाले, तेव्हा त्याचा अभिमान दिल्लीने मिरवला. त्यात आमच्या 20 रुपयांच्या पोळ्याही होत्या.

छोट्या दुकानदारांच्या 2000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी 2024-25 या वर्षाला तुमच्या सरकारने 1500 कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. दर 0.15 टक्के. म्हणजे 630 रुपयांवर साधारण 95 पैसे, आणि तेही बँकांच्या साखळीत जाणार. आमच्या नावाने पैसा मंजूर होतो, पण आमचं खातं बंद पडल्यावर बाजू ऐकायला एक माणूस नेमला जात नाही. 2025 च्या जुलैत यूपीआयच्या नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा आल्यावर बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांनी क्यूआर कोड उतरवले, ते हौसेने नाही. ज्या नोंदी आमच्या सोयीच्या म्हणून सांगितल्या होत्या, त्याच आमच्यावर चालून येतात हे त्यांना दिसलं.

कायदा काय सांगतो तेही मी विचारून घेतलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 106 पोलिसांना संशयित मालमत्ता जप्त करू देतं, पण त्याची खबर ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना द्यायची आहे. माझ्या बाबतीत ती दिली का? कुठल्या न्यायालयात? मला एक ओळीचं पत्रसुद्धा आलेलं नाही.

पोलीस गृहखात्याकडे येतात, तुमच्याकडे नाही, हे उत्तर मला देऊ नका. बँका तुमच्या खात्याकडे आहेत. वादातली रक्कम तेवढी राखून बाकीचं खातं चालू ठेवा, असा स्पष्ट आदेश बँकांना द्या. दुकानदाराने बिल दाखवलं की त्याच्याच शाखेत ते स्वीकारलं जावं आणि शाखेनेच ते पोलिसांना पाठवावं. खातं गोठलेलं असताना त्याच बँकेच्या हप्त्यावर दंड लावू नये.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. जेवण पोचवणाऱ्या ॲपने पैसे कापले तर यंत्राशी बोलायचं. गॅसचं अनुदान आलं नाही तर यंत्राशी बोलायचं. बँकेच्या हेल्पलाइनवर एक दाबा, दोन दाबा, मग फोन कट. तुम्ही सगळ्यांनी मिळून पैसे घेण्याचं काम क्षणात होईल असं केलंत आणि ऐकून घेणारी खुर्चीच काढून टाकलीत. पूर्वी शाखेत पासबुक भरणारा कारकून चिडायचा, पण तो मला ओळखायचा. माझं खातं बंद करायचा कागद त्याच्यासमोर आला असता तर त्याने आधी दुकानात निरोप धाडला असता.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आता सुरू होतील. हरभरा डाळ, तूप, साखर आधी भरावी लागते. माझे पैसे माझ्या खात्यात पडून आहेत आणि मी व्याजाने पैसे शोधते आहे.

या पत्राला "आपली तक्रार नोंदवली आहे" असा आपोआप निघणारा संदेश पाठवू नका. ज्याच्याखाली अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही आहे, असं उत्तर मला हवं आहे.

आपली,
पोळी-भाजी केंद्राची चालक
नौपाडा, ठाणे