फुटबॉलसाठी बाकीच्या खेळांची फरफट नको

महोदय,

मी ओरेगनमधल्या कोर्व्हॅलिसला लेकाकडे राहते. ओरेगन स्टेट विद्यापीठ याच गावातलं. पॅक-१२ हा पश्चिमेकडच्या विद्यापीठांचा आपसात सामने खेळणारा गट. २०२२ आणि २०२३ मध्ये त्यातल्या दहा विद्यापीठांनी मोठ्या गटांकडे जायचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये ती निघून गेली, कारण टीव्हीचा पैसा तिकडे. उरली फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

पण त्यानंतरची सोय मला शहाणपणाची वाटली. फुटबॉल (इथला अमेरिकी, हाताने खेळायचा) दोघांच्याच पॅक-१२ मध्ये राहिला आणि बास्केटबॉलसारखे खेळ पाहुणे म्हणून जवळच्या वेस्ट कोस्ट गटात गेले. २०२५ मध्ये आमच्या मुलींनी तिथली बास्केटबॉलची स्पर्धा जिंकली! उलट पॅक-१२ सोडलेली कॅलिफोर्नियातली बर्कली आणि स्टॅनफर्ड गेली अटलांटिक किनाऱ्याच्या गटात. व्हॉलीबॉलच्या एका सामन्यासाठी अख्खा देश ओलांडायचा, घड्याळ तीन तास पुढे, आणि परतल्यावर लगेच वर्ग.

मी शिवाजी विद्यापीठाकडून खो-खो खेळले आहे. पश्चिम विभागाच्या स्पर्धेला रेल्वेने जाऊन आलं की आठवडाभर अभ्यासाला हात लागत नसे. ते वर्षातून एकदा. इथे हंगामभर तेच.

जुलै २०२६ पासून नवा पॅक-१२ उभा राहतोय. त्यात बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, गोन्झागा ही पश्चिमेकडचीच विद्यापीठं आहेत, ते ठीक. पण टेक्सास स्टेटही आहे. फुटबॉलला पैसा लागतो, मान्य. सॉफ्टबॉलच्या मुलींना टेक्सासला पाठवण्याआधी विद्यापीठाने त्यांच्या परीक्षांचं वेळापत्रक समोर ठेवावं, एवढीच विनंती.

— एक माजी खो-खोपटू, कोर्व्हॅलिस (अमेरिका)