भोंगा असू द्या, पण एक फोन चालू ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाईलमुळं पोरं वाया चालली अशी पत्रं तुमच्या पानावर सारखी वाचतेय, आणि परवा कुणीतरी आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण दिलं म्हणून लिहायला बसले. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठपर्यंत अभ्यास. चांगलंच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण सगळं खापर फोनवर फोडलं की मला राग येतो, कारण मी त्याच्यावरच शिकलेय.

आमच्या बचत गटाचा हिशोब माझ्याकडं. वहीत बेरीज चुकायची आणि बैठकीत तासभर नुसती भांडणं. तालुक्याला एका क्लासला पैसे भरले, तिथं एका कॉम्प्युटरवर आम्ही सहाजणी आणि माऊस कायम सरांच्या हातात, सर्टिफिकेट मिळालं, येत काहीच नव्हतं. मग भाचीनं आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल दाखवले, दहाएक मिनिटांचे व्हिडिओ, मराठीतसुद्धा आहेत, फुकट. थोडं बघायचं, थांबवायचं, तेच आपल्या हातानं करून बघायचं, मग पुढं. अशी मी भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिसचं कॅल्क, म्हणजे हिशोबाचे तक्ते करायचं सॉफ्टवेअर, शिकले. एकदा बेरीज काही केल्या होईना, दोन दिवस घालवले, शेवटी स्क्रीनचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर शेजारच्या गावच्या ताई म्हणाल्या, अगं सूत्राच्या आधी बरोबरचं (=) चिन्ह कुठं दिलंयस? एवढंच होतं! व्हिडिओत ते सांगितलेलं होतं, पण माझं नेमकं काय चुकतंय हे व्हिडिओ कसा सांगणार.

शिक्षणावर संशोधन करणाऱ्या सुगत मित्रांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि झोपडपट्टीतली पोरं आपली आपण शिकली, हे सगळे सांगतात. पण ती एकेकटी नाही शिकली हो, घोळक्यानं शिकली, एक चालवतोय आणि चौघं मागून ओरडतायत. पुढं तमिळनाडूत कलिकुप्पम गावात त्यांनी पोरांना कॉम्प्युटरवर इंग्रजीतलं जीवशास्त्र दिलं, शिक्षक नाही, मार्क ३० टक्क्यांच्या आसपास अडकले. मग एका तरुण मुलीला, तिला त्या विषयातलं काही येत नसताना, नुसतं मागं उभं राहून आजीसारखं "अरे वा, हे कसं केलंस?" म्हणायला सांगितलं. मार्क ५० च्या घरात गेले.

म्हणून माझी सूचना अशी की भोंगा वाजू दे, पण आठवड्यातनं दोन दिवस सगळे फोन बंद आणि एकच चालू, त्याच्याभोवती पाच पोरं, फोन ज्याला सगळ्यात कमी येतं त्याच्या हातात, नाहीतर हुशार पोरगं एकटंच चालवत बसतं (आमच्या सरांसारखं), आणि कौतुकाला एक आजी. आमच्या गल्लीत आज्या तर रिकाम्याच आहेत. रेंज तेवढी देवळाच्या पायरीवरच येते, तर तिथंच बसवू.

आपली,
एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली