तुम्ही मला कामाला लावलंत

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण ‘रडून झालं असेल तर उठा’ असं पेशंटला सुनावणाऱ्या फिजिओथेरपिस्ट किती असतील? ओळखणारे ओळखतील.

पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झाल्यावर धीर देणारे पुष्कळ भेटले. ‘सकारात्मक राहा’ हे तर मला पाठ झालं होतं. तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. हा आजार बरा होत नाही, त्याची वाढ रोखणारं औषध अजून नाही, हे स्पष्ट सांगितलंत आणि लगेच म्हणालात, “आता चालून दाखवा.”

चालण्याचीच तर पंचाईत होती. दाराशी आलो की पाय जमिनीला खिळायचे. तुम्ही फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात आणि एकेक ओलांडायला सांगितलंत. पाऊल उचललं गेलं! माझा चेहरा बघून (आजाराने तो तसाही फारसा हलत नाही, तरी तुम्हाला कळलंच) तुम्ही समजावलंत: मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन कमी पडलं की आपोआप होणाऱ्या हालचाली अडखळतात, पण डोळ्यांसमोर रेघ असली की पाऊल मुद्दाम टाकलं जातं आणि मेंदू त्यासाठी दुसरी वाट वापरतो. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घ्यायचा, डोपामाइनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी प्रथिनांच्या जेवणाबरोबर घ्यायची नाही, व्यायाम गोळीचा असर असतानाच करायचा, हेही तुमच्याकडूनच शिकलो.

पण हे पत्र पट्ट्यांसाठी नाही.

मला काही करावंसंच वाटेनासं झालं होतं. दुःख वगैरे नाही, नुसतं कोरडं. घरच्यांना तो आळस वाटायचा आणि खरं सांगायचं तर मलाही. तुम्ही सगळ्यांना समोर बसवलंत. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं म्हटलं होतं. मनावरही घाला पडतो, हे पुढे कळत गेलं. उमेद वाटण्यातही डोपामाइनचा हात असतो, तेव्हा यांना आळशी म्हणू नका, असं बजावलंत. त्या दिवसानंतर घरातली धुसफूस बरीच कमी झाली.

मला मात्र तुम्ही सूट दिली नाहीत. “इच्छा होईल याची वाट बघू नका, वेळ ठरवा,” म्हणालात. आवाज बारीक होत चालला होता, म्हणून मोठ्याने वाचायचा व्यायाम दिलात. भिंतीला वाचून दाखवायचा मला कंटाळा येतो हे लक्षात आल्यावर तुम्ही एका आजींचा फोन जोडून दिलात. त्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही आणि कानांनीही कमी ऐकू येतं. तुमची निवड किती बेरकी होती! मी जरा पुटपुटलो की पलीकडून “काय?” असा दणका येतो. तुमच्या कुठल्याही सूचनेपेक्षा तो जास्त लागू पडतो.

थरथर आहेच. औषधाचा असर उतरला की शर्टाचं बटण लावायला अर्धी सकाळ जाते. गेल्या वर्षापेक्षा मी हळू आहे, पुढच्या वर्षी आणखी हळू असेन. पण ठरलेल्या वेळी कुणीतरी माझ्या फोनची वाट बघतं आणि उशीर झाला तर रागावतं. आजारी पडल्यापासून माझ्यावर रागावणं लोकांनी सोडूनच दिलं होतं. ते परत मिळालं याचं मला किती बरं वाटतं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. तुमचे मनापासून आभार.

आणि एक तक्रार. आजींना आता अग्रलेखाचा कंटाळा आला आहे, त्यांना रहस्यकथा हवी आहे. खुनाच्या जागी आवाज चढवावा की उतरवावा, ते पुढच्या भेटीत सांगा.

तुमचा,
एक पेशंट