तेल काढलं रेनॉल्ड्सनं, नाव डार्सीचं

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इराणच्या तेलावरचा लेख वाचला, माहिती छान आहे पण तेल शोधल्याचं सगळं क्रेडिट विल्यम डार्सी या ब्रिटिश धनिकाला देऊन टाकलंय ते काही पटलं नाही. डार्सीनं १९०१ मध्ये इराणच्या शाहकडून तेल शोधायचा ६० वर्षांचा परवाना मिळवला, स्वतःचा पैसा घातला, सगळं मान्य, पण हा गृहस्थ इराणला कधी गेलाच नाही हो! तिथं प्रत्यक्ष ड्रिलिंग केलं ते जॉर्ज रेनॉल्ड्स या ब्रिटिश इंजिनिअरनं, जो आधी आपल्याकडे भारतात पीडब्ल्यूडीत नोकरीला होता आणि या कामावर गेला तेव्हा पन्नाशीच्या घरात होता. धड रस्ते नाहीत, ऊन मरणाचं, स्थानिक टोळ्यांची मर्जी सांभाळायची, त्यात मशीन बिघडली की पार्ट्स येईपर्यंत बसून राहा. १९०८ मध्ये पैसे संपत आले तेव्हा काम आवरतं घ्या असा निरोप आला, तर हा पठ्ठ्या म्हणे लेखी ऑर्डर हातात पडू दे, मग बघू, आणि ड्रिलिंग चालूच ठेवलं, शेवटी २६ मेच्या पहाटे मस्जिद सुलेमानला सुमारे १,१८० फुटांवर तेल उसळलं. त्यावरच पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन कंपनी उभी राहिली, म्हणजे आजची बीपी ही ब्रिटिश तेल कंपनी. आणि या कंपनीनं १९११ मध्ये रेनॉल्ड्सलाच काढून टाकलं, वरिष्ठांशी पटत नव्हतं म्हणून!

लेखात त्याचं नावसुद्धा नाही, निदान पुढच्या रविवारी एखादी चौकट तरी द्या.

– एक वाचक, पुणे