बुधवार पेठेतल्या नेटवर्कवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय.

सदाशिव पेठेत आमची गाण्याची बैठक होती, हॉल पहिल्या मजल्यावर, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्या आजी-आजोबांसाठी खाली दोन खोल्यांत टीव्ही लावायचे होते. आधी ३० मीटरची एचडीएमआय केबल टाकली, तर चित्रावर ठिपके नाहीतर थेट काळा पडदा. मग एन्कोडर-डीकोडरचे डबे (व्हिडिओ नेटवर्कच्या तारेतून पाठवणारे आणि टीव्हीपाशी परत उलगडणारे) आणून ऑफिसच्याच स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे जोडतात त्या डब्याला, जोडले, टीव्ही लागले पण वायफाय आणि सीसीटीव्ही दोन्ही झोपले, आणि बैठक दुसऱ्या दिवशी!

नवीन स्विच घ्यायला तुमच्याकडे आलो तर तुम्ही विकलाच नाहीत, दुकान बंद करून स्कूटरवर माझ्यामागे आलात. फुल एचडी, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे कच्चा व्हिडिओ जवळजवळ ३ गिगाबिट, आपली लाइन १ ची, म्हणून डबा तो दाबून पाठवतो, आणि एकच स्ट्रीम सगळ्या टीव्हींना मिळावा म्हणून मल्टिकास्ट, पण कोणाला हवाय हे स्विचला कळलं नाही की तो मागितलं-न मागितलं सगळ्याच पोर्टवर ओतत सुटतो, हे तुम्ही इतकं शांतपणे सांगितलंत की पहिल्यांदा मला काहीतरी कळलं. आमचा जुना स्विच मॅनेज्ड, म्हणजे लॉगिन करून सेटिंग बदलता येणारा होता, त्यात कोणी कधी लॉगिनच केलं नव्हतं. तुम्ही आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कोणत्या पोर्टला स्ट्रीम हवाय हे स्विचने ऐकून ठेवायची सोय, चालू केलंत, वायफाय परत आलं, मी खूश, आणि चारेक मिनिटांत दोन्ही टीव्ही गोठले. माझे हातपाय गळाले. तुम्ही म्हणालात, "अरे, कोणाला अजून हवंय का हे अधूनमधून विचारणारा नको का कोणी?" आणि स्विचमधला तो विचारणारा, म्हणजे क्वेरिअर, चालू केलात. त्यानंतर रात्री साडेअकरापर्यंत थांबून बघितलंत, चित्र एकदाही अडकलं नाही.

वरचा आवाज आधी आणि टीव्हीचा किंचित मागून येतो म्हणून जिन्याचं दार लावून घ्या, हेही तुम्हीच सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी माझी आजी खालच्या खोलीत खुर्चीवर बसून तबल्यावरची बोटं बघत होती, भैरवी संपेपर्यंत उठली नाही. वर असती तर खांबाआडून तिला काहीच दिसलं नसतं.

पैसे विचारले तर चहा मागितलात. काका, कोजागिरीला परत बैठक आहे, या वेळी काकूंना घेऊन नुसतं गाणं ऐकायला या.