कुलाबा किल्ला सहल: ओहोटीची वेळ पाळा

सर्व सभासदांना सूचना. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचे तर वेळ भरती-ओहोटीच ठरवते. सहल पंचमीला आहे, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. नऊला किनाऱ्यावर हजर राहा, अकराच्या आत परत फिरा. अष्टमीला ओहोटी दुपारी सोयीची वाटते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असल्याने पाणी पुरते हटत नाही; म्हणून ती तिथी टाळली. खडकांवर शेवाळ असते, पट्ट्याच्या चपला घाला.

आत १७५९ सालचे सिद्धिविनायक मंदिर, गोड्या पाण्याची विहीर आणि उत्तर तटावरच्या गाड्यावरील दोन तोफा सावकाश बघा. परतीला पाणी चढलेले दिसले तर कोणीही पाण्यात उतरू नये, आतच थांबावे.