उजेड आणि निळाई: मित्रास पत्र

पुणे,
दि. ५ फेब्रुवारी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात चमकणारी बुरशी आणि हिवाळ्यात भिगवणच्या पाणकणसात वावरणारा निळ्या गळ्याचा शंकर पक्षी, हे दोघे एकाच प्रकारचे चमत्कार आहेत, असे तू लिहिलेस. मला ते पटत नाही.

बुरशी उजेड स्वतः तयार करते. कुजक्या लाकडात पसरलेल्या तिच्या तंतूंमधील ल्युसिफेरिन या द्रव्याचा विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीने प्राणवायूशी संयोग झाला, की निघणारी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. छायाचित्रांतील हिरवागार झगझगाट पाहून तू हरखला आहेस खरा, पण मंद प्रकाशात माणसाच्या डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत, त्यामुळे बॅटरी विझवून बराच वेळ अंधारात थांबल्यावरही बहुधा फिकट, पांढुरकी झाकच दिसते. मला तीच अधिक आवडते.

शंकराच्या गळ्यात मात्र निळे रंगद्रव्यच नसते. पिसांतील केराटिन हे प्रथिन आणि हवा यांची अतिसूक्ष्म रचना बाहेरून आलेल्या उजेडातील निळे आणि अतिनील किरण परत फेकते. काळोखात त्या गळ्याची शोभा शून्य. शिवाय पक्ष्यांना अतिनील किरण दिसतात, म्हणजे दुर्बिणीतून आपण पाहतो ती निळाई अपुरीच म्हणायची. नॉर्वेतील संशोधकांनी काही नरांच्या गळ्याला हे किरण शोषणारे मलम लावले, तेव्हा त्या नरांना माद्या मिळवणे अवघड गेले.

साम्य हवेच असेल, तर ते या ठिकाणी आहे. ब्राझीलमध्ये ताडवर्गीय झाडांच्या बुंध्याशी उगवणाऱ्या चमकत्या बुरशीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी रानात कृत्रिम छत्र्या मांडल्या होत्या. त्यांतील हिरवे दिवे लावलेल्या छत्र्यांकडे विनादिव्याच्या छत्र्यांपेक्षा अधिक कीटक आले. तेच कीटक बीजाणू दूर नेत असावेत, असा त्यांचा तर्क आहे. एकीला वाहक हवेत, दुसऱ्याला जोडीदारीण. आपण दोघांच्याही हिशेबात नाही.

भीमाशंकरला जाणे पावसाळ्यावर सोड. लाकूड पुरते भिजल्याशिवाय तिथे काही दिसायचे नाही, आणि जळवांची तयारी ठेव. भिगवणला मात्र या महिनाअखेरीस ये. तोवर नरांचा गळा चांगला निळा होत आलेला असतो, आणि उत्तरेकडे निघण्यापूर्वी त्यांचे हलके गुणगुणणेही कधी कधी ऐकू येते. पहाटेची गाडी धरशील ना?

तुझा,
माधव